घर रिकामे धरून

कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला तेव्हा मी कायद्याच्या एका पुस्तकातली 'स्थावर' या शब्दाची चौथी चूक दुरुस्त करत होते. अकरा वाजून गेले होते. "ताई," तो म्हणाला, "सामानाला टेंपो एकच पुरेल का दोन सांगून ठेवू? एक तारखेपासून तोडकाम धरतोय." मी म्हटलं, सामान हलवायचं कशाला? आधी मागच्या दोन खोल्यांना हात घाला, तोवर मी पुढच्या खोलीत भागवेन, मग मी मागे जाते आणि तुम्ही पुढे या. हे सगळं मी मनात केव्हाच मांडून ठेवलं होतं. शेगडी कोणत्या टेबलावर ठेवायची, धूळ येऊ नये म्हणून दाराला कोणती जुनी चादर लावायची, इथपर्यंत. पलीकडून हसू दाबल्यासारखा आवाज. "ताई, आपण रिकाम्या घराचा दर लावलाय ना. अटींमध्ये लिहिलंय की. आणि तुम्हीच तर सगळं तपासून दिलंत." मी बरं म्हणून फोन ठेवला. बरं म्हणायची मला फार जुनी सवय आहे.

अंदाजपत्रकाची प्रत माझ्या पिशवीतच होती. गेला महिनाभर मी ती बरोबर घेऊन फिरत होते, लोक नातवंडांचे फोटो बाळगतात तशी. तिसरं पान, अट क्रमांक दोन : 'सर्व दर घर रिकामे धरुन दिले आहेत.' आणि त्यातल्या 'रु'वर लाल शाईची बारीक रेघ, समासात नीट काढलेला दीर्घ 'रू', आणि पानाच्या तळाशी माझी आद्याक्षरं. म्हणजे मी ते वाक्य वाचलं होतं. वाचून, त्यातला उकार ऱ्हस्व आहे एवढं पाहून, तो दीर्घ करून, सही करून पुढच्या वाक्याकडे गेले होते. एखाद्याने आपल्याच हकालपट्टीची नोटीस घ्यावी आणि त्यात शुद्धलेखन तपासून साभार परत पाठवावी, तसं मी केलं होतं. मला आधी हसूच आलं. मग कानशिलं तापली.

ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती. वाण्याच्या झाली नसती, डॉक्टरच्या झाली नसती, शाळेतल्या पोरानेसुद्धा वाक्य वाचून विचारलं असतं, घर रिकामं म्हणजे काय? पण मी एकतीस वर्षं मुद्रितं तपासते. या छापखान्यात लागले तेव्हा मुख्य वाचक होते त्यांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, "बाई, अर्थाच्या नादी लागलात की वेलांटी निसटते. अर्थ लेखकाचा. आपलं फक्त अक्षर." ते मी इतकं मनावर घेतलं की नंतर मला वर्तमानपत्रसुद्धा धड वाचता येईना. मोठी आग लागल्याची बातमी असायची आणि मला फक्त 'अग्निशामक'च्या वेलांट्या दिसायच्या. अर्थाची शंका आलीच तर नियम असा की समासात प्रश्नचिन्ह काढायचं. उत्तर लेखक देतो. एकतीस वर्षांत मी काही हजार प्रश्नचिन्हं काढली असतील. बहुतेकांपुढे एकच उत्तर लिहून येतं : बरोबर आहे.

दादाने अंदाजपत्रक पाठवलं तेव्हा फोनवर म्हणाला होता, "छोटे, जरा नजर टाक गं. तुझी नजर चांगली आहे." चोपन्नाव्या वर्षी मला छोटी म्हणणारा तो एकच माणूस आता उरला आहे, आणि तसं म्हटलं की मी विरघळते, हे त्याला आमच्या लहानपणापासून माहीत आहे. मी एक अख्खा रविवार त्या सात पानांवर घालवला. एकोणीस चुका काढल्या. 'गिलावा'ची वेलांटी चुकली होती, 'राडारोडा' दोन शब्दांत तोडला होता, 'खिडकी' तर तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिली होती. कॉन्ट्रॅक्टर खूश झाला. "ताई, इतकं शुद्ध एस्टिमेट माझ्या ऑफिसातनं आजवर बाहेर पडलं नव्हतं," म्हणाला. मलाही बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी त्या वाक्यावर तरंगत होते.

शेजारच्या टेबलावर विसर्ग बसतो. त्याच्या गालावर एकाखाली एक असे दोन तीळ आहेत, म्हणून त्याला आम्ही सगळे विसर्ग म्हणतो आणि तोही ओ देतो. मी पान त्याच्यापुढे सरकवलं. त्याने चष्मा वर केला, वाचलं, आणि पहिल्यांदा तोही म्हणाला, "दुरुस्ती बरोबर आहे." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून पुन्हा वाचलं. या वेळी नुसतं वाचलं, तपासलं नाही. "अरेच्चा," तो म्हणाला. "भावाला माहीत आहे का?" मी म्हटलं, भावाला माहीत नसतं तर रिकाम्या घराचा दर ठरला कसा असता? त्याने पानाच्या तळाशी बोट ठेवलं. म्हणाला, "आद्याक्षरं कशाला केलीत पण?" मी म्हटलं, सवय. त्यावर त्याने मान हलवली, कारण तोही घरी किराणामालाच्या यादीखाली सही करतो, हे त्यानेच मला सांगितलं होतं.

संध्याकाळी घरी आले. आमचं पुढचं दार उघडताना जरा वर उचलून ढकलावं लागतं. बिजागरी झिजली आहे. नवा माणूस आला की पाच मिनिटं बाहेर झटत राहतो, आणि मी खांद्याच्या एका धक्क्याने आत जाते. त्या दिवशी मीही बाहेर उभी राहिले, हात कडीवर ठेवून. 'धरून' हा शब्द मला सोडेना. मी काय काय धरून होते? आईला धरून न्हाणीघरापर्यंत न्यायचं, अकरा वर्षं, रोज तीनदा, नंतर नंतर पाचदा. आठ पावलं, मग उंबरा, मग वळण, तिथे भिंतीच्या कोपऱ्याचा गिलावा आमच्या दोघींच्या खांद्यांनी घासून काळा झाला आहे. तो डाग अंदाजपत्रकात आहे : 'मधील मार्गिका, जुना गिलावा काढून नवीन.' आई म्हणायची, सोड मला, पडत नाही मी. सोडलं की पडायची. पडली की म्हणायची, धरलं का नाहीस? या दोन वाक्यांत माझी अकरा वर्षं गेली. लोक म्हणत, घर धरून राहिली बिचारी. मला तो शब्द तेव्हा चांगला वाटायचा, कारण त्यात हाताला काहीतरी लागतं असं वाटायचं.

पण 'धरून'चा दुसरा अर्थ आमच्या घरात जास्त चालायचा. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, हे घर दादाच्या नावावर केलं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. मला बोलावून त्यांनी समजावून सांगितलं होतं, अगदी मायेने : तुझं लग्न होईल, तुझं स्वतःचं घर होईल, तुला याचा काय उपयोग? म्हणजे माझं लग्न झालं असं धरून. ते झालं नाही, पण कागद काही परत लिहिला गेला नाही. दादा दुसऱ्या शहरी नोकरीला गेला तो मी इथे आहे असं धरून. वहिनीने आईला आपल्याकडे नेऊ असं कधी म्हटलं नाही, ते मला आईची सवय आहे असं धरून. आणि मीसुद्धा काही कमी नाही. मी धरून चालले होते की जी इतकी वर्षं इथे राहिली तिला विचारूनच इथली वीट हलेल. कोणी म्हणालं नव्हतं तसं. मीच धरलं होतं.

घराचं काम काढायचं हे खरं तर माझंच म्हणणं होतं. आई गेल्यावर दोन वर्षांनी मागच्या भिंतीला ओल इतकी आली की कपाटातल्या कपड्यांना वास लागायला लागला. वायरी जुन्या, नळाचं पाणी तांबूस. मी दादाला फोन केला. त्याने आठवड्याभरात कॉन्ट्रॅक्टर शोधला, सगळं एकाच्या हाती देऊ म्हणाला, तोडण्यापासून रंगापर्यंत, म्हणजे तुला रोज गवंड्याशी हुज्जत घालायला नको. मी तीस लाख घालतो, तू काही घालू नकोस. मी म्हटलं, छे, मी चार घालणार. भविष्यनिर्वाह निधीतून काढते. तो नको नको म्हणाला आणि मग घेतले. त्या चार लाखांच्या जोरावर मी तीन गोष्टी मागितल्या. माझ्या खोलीला लागून एक लहान बाथरूम, कारण आईची आठ पावलं मी मोजलेली आहेत आणि ती मला म्हातारपणी चालायची नव्हती. भिंतीत एक पुस्तकांचं कपाट. आणि खिडकी मोठी, कारण डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत आणि घरी आणलेलं काम उजेडात करावं लागतं. तिन्ही गोष्टी यादीत आल्या, आकड्यांसकट. 'ताईंची खोली' असं त्यावर शीर्षक होतं. त्या शीर्षकावर मी फार वेळ रेंगाळले होते, एवढं मला आठवतं. त्यात एकही चूक नव्हती.

रविवारी सकाळी दहाला कॉन्ट्रॅक्टर आला. दार त्याने बरोबर उचलून ढकललं. शिकला होता. माणूस वाईट नाही, आल्या आल्या आईच्या फोटोकडे पाहून हात जोडतो, चहा घेतल्यावर कप स्वतः आत नेऊन ठेवतो. मी साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केला, त्यात दादा दिसत होता, मागे वहिनी कपड्यांच्या घड्या घालताना. मी पान उघडून अटीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

"ते आमच्यात असतंच ताई," कॉन्ट्रॅक्टर म्हणाला. "रिकामं घर असलं की चारी बाजूंनी एकदम हात घालता येतो. राहतं घर म्हटलं की रोज संध्याकाळी झाडून द्या, नळ चालू करून द्या, वायर उघडी ठेवायची नाही. चार महिन्यांचं काम सात महिन्यांवर जातं. मजुरी वाढते."

"किती वाढते?"

त्याला आकडा पाठ होता. म्हणजे आधी कोणीतरी विचारला होता. "अडतीस झालं असतं. रिकामं धरून चौतीस."

"चार लाख," मी म्हटलं. "बरोबर माझे चार लाख. मग ते त्यालाच लावा ना. माझ्या पैशांनी मी राहते."

फोनमध्ये दादा हलला. "अगं छोटे, असं कसं? ते चार आपण तुझ्या बाथरूममध्ये धरलेत, नाही का? कपाट, खिडकी... एकच पैसा दोन ठिकाणी कसा धरता येईल?"

हे तो इतक्या समजुतीच्या सुरात म्हणाला की क्षणभर मलाच माझा हव्यास वाटला. मी लहानपणी एकाच नाण्याची पेन्सिलही मागायची आणि रबरही. तेव्हाही तो असाच समजावायचा. मी विचारलं, "आणि चार महिने मी कुठे जायचं, हे कशात धरलंय?"

"एखादी खोली बघू की भाड्याने. तुझ्या छापखान्याजवळच. उलट जाणं-येणं वाचेल तुझं."

"आणि चार महिन्यांनी?"

वहिनीचे हात थांबले होते, तेवढं मला दिसलं. मग तो म्हणाला, "ते मग बघू ना." आणि लगेच पुढे, "म्हणजे काय आहे, तीन वर्षांनी मी निवृत्त होणार. तोवर घर नवं करून नुसतं ठेवायचं, त्यापेक्षा एखादं चांगलं कुटुंब भाड्याने... कर्जाचा हप्ता तरी निघेल. तुला एकटीला एवढं मोठं घर लागतं कुठे? नीट विचार कर. तू येऊन-जाऊन असशीलच. तुझी खोली आहेच की."

"येऊन-जाऊन," मी म्हटलं.

"शब्दाला धरून नको बसू गं."

तेवढ्यात मला कळलं की हा माणूस खोटं बोलत नाही. तो खरोखरच मला धरूनच चालला होता. मी गेल्यावर कुठेतरी असेनच, बरं म्हणेनच, असं धरून. त्याला माझा राग नव्हता, माझं काही हिसकावून घ्यायचं नव्हतं, त्याने फक्त मला मोजलं नव्हतं, जशी आपण खोली मोजताना तिच्या आतली हवा मोजत नाही. राग असता तर भांडता तरी आलं असतं. मला एकदम ओरडावंसं वाटलं, की अकरा वर्षं, दादा, पाच वेळा दिवसाला, मोज, आत्ता मोज, तुझ्यासमोर कॅल्क्युलेटर घेऊन माणूस बसला आहे. आणि मी जे म्हणाले ते असं : "मग माझे चार लाख मी घालत नाही."

मला काय वाटलं होतं? सांगते. मला वाटलं होतं, आता हे दोघे हबकतील. चौतीसचे तीस झाले की सगळं कोसळेल, दादा म्हणेल, असं करू नकोस, तुझ्याशिवाय कसं जमेल? एवढं एक वाक्य मला ऐकायचं होतं. चार लाखांत ते वाक्य मिळत असेल तर स्वस्त होतं.

दादाने खरंच मागे वळून वहिनीकडे पाहिलं. कॉन्ट्रॅक्टरने डोकं खाजवलं. मग पेन्सिल काढून तो यादीवरून सावकाश खाली आला, 'ताईंची खोली' या शीर्षकापाशी थांबला, आणि मला न दुखावण्याची काळजी घेत हलक्या आवाजात बोलू लागला. "असं केलं तर? हे बाथरूम, दोन लाख चाळीस. ते काढलं. भिंतीतलं कपाट, एक दहा. खिडकी आहे तशी ठेवली तर सत्तेचाळीस हजार वाचतात. किती झाले? तीन लाख सत्त्याण्णव." त्याने पुन्हा एकदा बेरीज करून पाहिली. "तीन हजारांचाच फरक राहतोय. त्याचं काय, ते मी सोडून देतो." आणि फोनकडे वळून, "जुळलं साहेब. बरोबर तीसमध्ये."

"बघ," दादा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरीखुरी सुटका होती. "तुझ्यावर काही बोजाच नको. तुझे पैसे तुझ्याकडेच राहू देत, तुला लागतील. ती खोली मग राहू दे आहे तशी, सामानाला होईल."

इतकं सोपं होतं ते. मी आणि माझे पैसे काढले की हिशेब जुळत होता. मी त्या घरात अशी बसले होते की मला काढल्यावर एक आकडासुद्धा वरखाली होत नव्हता. वर तीन हजारांची सूट. मी यादीकडे पाहत राहिले. त्या तीन ओळींवरून कॉन्ट्रॅक्टरने आडवी रेघ मारली होती, आम्ही मजकूर गाळायला मारतो तशीच, फक्त त्याची जरा वाकडी होती. बाहेर कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न दोनदा वाजला. वहिनीने घड्या पुन्हा सुरू केल्या. तिने एकदा फोनच्या दिशेने पाहिलं, मला वाटलं ती काही बोलेल, पण तिने एक मोजा शोधायला मान खाली घातली.

कॉन्ट्रॅक्टरने लॅपटॉप उघडला, आकडे बदलले, पिशवीतून छोटं छपाईयंत्र काढून आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं. पानं गरम बाहेर आली. या वेळी सहाच. एक पान मी होते. दादाची मंजुरी त्याने फोनवर तोंडी घेतली, सही नंतर येणार होती. मग पानं माझ्यापुढे सरकवून, खिशातलं पेन काढून, तो अगदी आदराने म्हणाला, "ताई, एकदा नजर फिरवता? घाईत मी जुन्याच फाइलवर काम केलंय. तुमच्या दुरुस्त्या आल्यात का नाहीत, बघायला हव्यात."

मी वाचू लागले. बोट आपोआप ओळीखाली धावायला लागलं. दुरुस्त्या आल्या नव्हत्या. 'गिलावा' पुन्हा चुकला होता, 'राडा' आणि 'रोडा' पुन्हा वेगळे झाले होते. तिसरं पान, अट क्रमांक दोन. 'सर्व दर घर रिकामे धरुन दिले आहेत.' ऱ्हस्व. माझा हात पेनाकडे गेला. खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा आधी उकारच दिसला, आणि हात गेला. एकतीस वर्षांत मी एकही चूक समोर दिसत असताना सोडलेली नाही, ताप असताना नाही, आई गेली त्या आठवड्यातही नाही. मी पेन उचललं, त्याचं टोपण लावलं आणि ते त्याच्या पानांवर आडवं ठेवून दिलं.

"काही चूक?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "टेंपो एकच पुरेल."